जेबेझ पिलिंगचा घसा

बँडवाल्यांनी शेवटचं कडवं पुन्हा उचललं, आणि त्या दणदणाटात वरच्या सज्जात टॅबिथाचे ओठ हलले. "त्या दिवशी आमच्या जेबेझचा घसा बसला होता." एवढंच. बाहेर धुकं पडलंय असं शेजारणीला सांगावं तसं, मान न वळवता. खाली व्यासपीठावर, लाल गादीच्या खुर्चीत, ब्रॅकनशॉ गावाचा पार्लमेंटातला सभासद आणि पिलिंग गिरणीचा मालक जेबेझ पिलिंग याने ते शब्द वाचले आणि त्याचा हात आपसूक गळ्याशी गेला. गळा चांगला होता. त्या दिवशीही चांगलाच होता. लंडनला त्या दुपारी त्याने भाजलेलं बदक खाल्लं होतं, वाढप्याला दोनदा मोठ्याने हाक मारली होती, मग सभागृहात जाऊन तो आपल्या जागी बसला होता. आणि ज्या एका गोष्टीवर बोलायला गावाने त्याला तिथे पाठवलं होतं ती गोष्ट पुढे आली, उभी राहिली, पडली, आणि तो बसलेलाच राहिला. बहिणीला हे ठाऊक होतं. ती काही खुळी नव्हती. साच्यावर, म्हणजे यंत्रमागावर, ताण्याचा धागा तुटला तर 'माझ्या हातून तुटला' असं जॉबरला, खात्याच्या मुकादमाला, आपणहून सांगणारी बाई, जिने स्वतःला वाचवायला कधी अर्धं अक्षर खोटं सांगितलं नव्हतं, तिने त्याच्यासाठी आज गॅसबत्त्यांच्या भर उजेडात ते सांगून टाकलं. बाकी कोणी ऐकलं नाही. ऐकण्यासारखं काही नव्हतंच, कारण आवाज नव्हता.

साचेखात्यात ज्याचं बालपण गेलं त्याला हे वाचणं शिकवावं लागत नाही. सगळे साचे एकदम सुरू झाले की आवाजाचीच एक भिंत उभी राहते, आणि त्या भिंतीच्या अल्याड-पल्याड बाया ओठांनी बोलतात. तोंड मोठं करून, एकेका अक्षराला गाल लावून, भुवया लावून. कोणाचं लग्न मोडलं, कोणाला दिवस गेले, जॉबर आज कोणाच्या मागे लागलाय, सगळं खात्याच्या या टोकाहून त्या टोकाला जातं आणि कानांना खबर नसते. आई गेली तेव्हा जेबेझ एवढासा होता. टॅबिथा त्याच्याहून थोडी मोठी. ती साच्यावर उभी आणि हा तिच्या पायांशी, खालचा कापूस झाडत, हातात सुताच्या कांड्या देत. वर पाहिलं की तिची हनुवटी दिसे, घामाने चिकटलेले केस दिसत, आणि गाणं दिसे. हो, दिसे. ती गायची ते नुसत्या ओठांनी:

धोटा गेला, धोटा आला, दिवस विणून झाला,
माझ्या भावाच्या अंगाला कुणी सदरा नाही शिवला.

या गाण्याला चाल काय होती ते त्याला कधीच कळलं नाही. घरी ती गात नसे; घरी आली की बूट काढायचेही त्राण नसत. पुढे मँचेस्टरच्या मोठ्या हॉलमध्ये बायकोच्या, ऑगस्टाच्या शेजारी बसून त्याने मोठमोठ्या गायिका ऐकल्या, म्हणजे पाहिल्या, कारण तोवर कान गेले होते. कान त्याने साचेखात्यात ठेवले ते ठेवलेच. ऑगस्टा आणि टॅबिथाखेरीज हे कोणाला माहीत नव्हतं. समोरच्याचे ओठ दिसेतोवर पिलिंगसाहेबांना सगळं ऐकू येई. दिसेनासे झाले की पिलिंगसाहेब विचारात गढलेले असत. लोक म्हणत, माणूस खोल आहे.

टॅबिथाला वाटत होतं की एवढ्या लांबून त्याला दिसणार नाही. गेल्या रविवारी चॅपेलहून आल्यावर तो तिच्या घरी गेला होता. तिचं घर म्हणजे त्याच्याच गिरणीच्या चाळीतल्या दोन खोल्या. तो कितीदा म्हणाला असेल, टेकडीवर चल, आमच्यात राहा. "तुझ्या त्या गालिच्यावर बूट काढून बसू की घालून?" ती विचारायची आणि तिथेच ते संपायचं. त्या रविवारी तिने बायबल पुढे सरकवलं, वाच म्हणाली, आणि त्याला चष्म्याशिवाय अक्षर लागेना. "डोळेपण गेले का रे तुझे?" "गेले," तो हसून म्हणाला. ते खरं नव्हतं. जवळचं गेलं होतं. लांबचं त्याला अजून घारीसारखं दिसत होतं, सज्जातल्या तिसऱ्या रांगेतल्या बाईच्या ओठावरची चीर दिसत होती. पण म्हातारपणाच्या गोष्टीत तिची सोबत केल्यासारखं वाटावं म्हणून तो गेले म्हणाला. त्या दिवशी तिने सभागृहाबद्दल काही विचारलं नाही. कणकेत भरून भाजलेले बटाटे वाढले. मध्येच तिला खोकला आला, टेबलाला धरून ती बराच वेळ खोकली, आणि तो चमच्याकडे बघत राहिला.

खोकला वाफेचा होता. तोही त्याच्याच घरचा. अमेरिकेचा चांगला कापूस येईना, दुसरीकडचा वाईट येऊ लागला, सूत तुटू लागलं, म्हणून सगळ्याच मालकांनी सुताला खळीबरोबर पांढरी माती चोपडायला सुरुवात केली; माती सुकली की कडकडून मोडते, म्हणून खात्यात वाफेच्या नळ्या सोडल्या. दिवसभर डोक्यावर वाफ. बायांचे कपडे ओले, केस ओले, आणि सुटी झाली की त्याच ओल्या अंगाने बर्फात घरी. पिलिंग गिरणीत नळ्या बसल्या त्या दिवशी टॅबिथाने त्याला साच्यामागे गाठून ओठांनी विचारलं होतं, "हे कशाला रे आणलंस?" आणि त्याने ओठांनीच सांगितलं होतं, "सगळे आणतात." मग निवडणूक आली. याच हॉलमध्ये, याच व्यासपीठावर त्याने टॅबिथाला आणून बसवलं. शाल, लाकडी तळाचे बूट, सगळं तसंच. ऑगस्टाने आपली लेसची कॉलर देऊ केली तर तो नको म्हणाला, असंच असू दे. लोक वेडे झाले. मालकाची सख्खी बहीण आजही साच्यावर उभी राहते! तिचा हात धरून तो ओरडला होता की पार्लमेंटात मी पहिलं तोंड उघडेन ते या वाफेवर. आणि टॅबिथा, जिला व्यासपीठावर बसायची इतकी लाज वाटत होती की तिने मान वर केली नव्हती, तिने तेव्हा मान वर केली. पुढे दारोदार फिरून तिनेच सांगितलं, आमचा जेबेझ काढणार नळ्या. बायांना मत नव्हतं. पण बायांच्या नवऱ्यांना होतं.

"घसा?" सज्जात तिच्या शेजारची मर्सी विचारत होती. मर्सी म्हणजे टॅबिथाच्या पलीकडच्या साच्यावरची. तोंडाने फटकळ, ओठांनी त्याहून. "पेपरात तर नाही आलं घशाचं."

"पेपरवाले काय लोकांच्या घशात डोकवायला जातात?"

"तुला कोणी सांगितलं?"

"त्यानेच कळवलं. मी काकवीत कांदा शिजवून पाठवला ना आगगाडीने. बाटली फडक्यात गुंडाळून."

"आणि इतके दिवस बोलली नाहीस ती? मी नळ्यांना शिव्या घालतेय, तुझ्या भावाला घालतेय, आणि तू आपली गप्प!"

"तुझ्या शिव्या संपल्या तर बोलू ना."

मर्सी खदखदली. मग तिचे ओठ पुन्हा सावध झाले. "बघू. उठला की सांगेलच काय ते."

"सांगेल की. आमच्यात खोटं बोलायची रीत नाही."

हे म्हणताना टॅबिथाच्या चेहऱ्यावर जे आलं ते त्याने लहानपणापासून कधी पाहिलं नव्हतं. पहिल्यांदा चोरी करणाऱ्या माणसाचा असतो तसा तो चेहरा होता, आतून तापलेला, आणि बाहेरून अगदी सरळ. कांदा! कुठून सुचला तिला कांदा? लहानपणी त्याचा घसा खरंच बसायचा, खात्यातल्या कापसाने, तेव्हा ती करायची ते. म्हणजे खोटं बोलतानाही तिला नवं काही सुचलं नाही; तिने जुनं खरं उचललं आणि त्याच्या अंगावर घातलं. त्याला कृतज्ञता वाटली म्हणावं तर तसंही नव्हतं. तिने हे करायला नको होतं. तो उठून दोन वाक्यं बोलणार होता, व्यापाराची बिकट स्थिती, समितीकडे सोपवलेला प्रश्न, योग्य वेळी योग्य पाऊल, त्यात सगळं झाकून जाणार होतं. आता ती मध्ये येऊन उभी राहिली होती, शालीसकट, बुटांसकट, बाटलीसकट.

ऑगस्टा त्याच्याकडे वाकली. ती नेहमी आधी चेहरा समोर आणी, मग बोले. एवढी दया तिच्यात होती. "हात खाली घ्या. गळ्यावरून काय फिरवताय?" तो हात मांडीवर आला. लग्नानंतरची पहिली दोन-तीन वर्षं ही बाई त्याला आरशासमोर बसवायची. "तोंड एवढं उघडू नका हो. दात मोजायचेत का लोकांना?" ती वाईट नव्हती. व्यापाऱ्याची मुलगी, तिला दिवाणखाने ठाऊक होते. आरशात त्याला स्वतःचे ओठ दिसत: अक्षरामागून अक्षर चघळणारे, ताणणारे, सगळ्या खात्याला दिसावेत असे. त्याने ते आवळायला शिकून घेतलं. बँकेत आवळले, मेयरच्या मेजवानीत आवळले. पण बोलण्यात जीव आला, राग आला, की ते सुटत. साचेखातं ओठात बसलेलं असतं, ते काही कोट बदलून जात नाही.

सभागृहात पहिल्याच महिन्यात त्याने एक प्रश्न विचारला होता. साधाच, कालव्याच्या पुलाबद्दल. आवाज नीट होता, शब्द नीट होते. समोरच्या बाकावर एक तरुण उमराव रेलून बसला होता, हातमोजे मांडीवर. त्याने शेजाऱ्याकडे बघून आपलं तोंड उघडलं आणि मिटलं, उघडलं आणि मिटलं, आवाज न करता. शेजाऱ्याचे ओठ म्हणाले, "मासा." आणि दोघं हसले. हजार माणसांत हे कोणाला कळलं नसतं. कळलं फक्त जेबेझ पिलिंगला, कारण त्याला बहिणीने वाचायला शिकवलं होतं. त्यानंतर त्याला त्या खोलीत सगळीकडे तेच दिसू लागलं. खरंच होतं की नव्हतं कोण जाणे. कुजबुजणारा प्रत्येक ओठ मासा म्हणत असे. मग आला वाफेच्या कायद्यावरच्या चर्चेचा दिवस. पक्षाच्या एका वजनदार गृहस्थाने सकाळीच दालनात खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं की पिलिंग, तुमचा आवाज आम्ही मोठ्या कामासाठी राखून ठेवलाय. पुढे घरी सांगायला हे कारण बरं होतं, आणि ऑगस्टाला त्याने तेच सांगितलं. पण त्या हाताने तो थांबला नव्हता. त्याच्या खिशात टिपणं होती, डोक्यात टॅबिथाचा खोकला होता, सभापतीची नजर फिरत इकडे आली होती, आणि तो उठत होता, एक हात पुढच्या बाकावर टेकला होता. तेवढ्यात समोर, त्याच बाकावर, हातमोजेवाल्याचे ओठ हलले. "बघा, मासा वर येतोय." जेबेझ खाली बसला. कोटाची शेपटी नीट केली, जणू तेवढ्यासाठीच उठला होता. दुसरा कोणी उठला, तो बोलू लागला. इतकं सोपं होतं ते. एवढ्याशा गोष्टीवर ब्रॅकनशॉच्या बाया अजून किती हिवाळे भिजणार होत्या, आणि त्यातल्या काही तर या हिवाळ्याच्या पलीकडे जाणारही नव्हत्या.

बँड थांबला. हे त्याला बँडवाल्यांच्या गालांवरून कळलं. अध्यक्षांनी दोन शब्द म्हटले, टाळ्या झाल्या, तो उठला. पुढच्या रांगांत गावचे प्रतिष्ठित, मागे कामगार, वर बाया. त्याने सुरुवात केली आणि सुरुवात चांगली झाली. राणीसरकार, व्यापार, ब्रॅकनशॉचं कापड जगाच्या कोणत्या कोणत्या बंदरांत उतरतं. मग मागच्या बाजूला एक माणूस टोपी हातात घेऊन उभा राहिला. जोब, विणकरांच्या संघाचा. जोब बोलतानाही विणकरासारखाच बोले, ते वाचायला काहीच अडत नसे.

"मालक, एकच विचारायचंय."

"विचार, जोब."

"वाफेच्या दिवशी तुम्ही बोलला नाहीत. का ते सांगा. म्हणजे आम्ही घरी जाऊन बायकोला सांगू. तिला वाटतं मी लपवतोय."

लोक हसले. ओळीच्या ओळी हलल्या, मग थांबल्या. जेबेझने वर पाहिलं. टॅबिथा पुढे झुकून बसली होती, दोन्ही हात कठड्यावर. तिच्या डोळ्यांत विनवणी नव्हती. ती फक्त कशाची तरी वाट बघत होती. त्याला एकदम वाटलं की सांगावं. 'मी घाबरलो. मी माझ्या तोंडाला घाबरलो, या तुमच्यासारख्याच तोंडाला.' एवढं म्हटलं असतं तर कदाचित या सगळ्या हॉलमध्ये एकही माणूस नसता ज्याला ते कळलं नसतं. यांतल्या प्रत्येकाच्या तोंडाला कोणी ना कोणी हसलेलं होतं. जोब खाली बसला असता. मर्सीने शिवी घातली असती, आणि ती शिवी घरातली असती. शब्द जिभेवर आले. पण मग टॅबिथाचं काय? तिने आत्ताच सांगितलं होतं. ती खोटी पडेल, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, सगळ्या बायांसमोर. नाही, तिला वाचवलं पाहिजे. हे कारण इतकं चांगलं होतं, इतकं भावाला शोभणारं, की त्याला त्याच्या आड उभं राहताना स्वतःचीच थोडी माया वाटली.

"जोब," तो म्हणाला, "खरं सांगू? घसा बसला होता."

हॉल सैल पडला. त्याला ते दिसलं, खांद्यांवरून, टोप्यांवरून. पुढाऱ्याला हे कळतं, आणि कळलं की त्याला तेवढ्यावर थांबवत नाही. एक घोट मिळाला की माणूस पेला शोधतो. "अक्षर फुटत नव्हतं," तो म्हणाला, "कुठल्या बड्या डॉक्टरने नाही बरा केला मला. बरा केला तो वर बसलीय तिने. माझ्या बहिणीने काकवीत कांदा शिजवून पाठवला आगगाडीने, बाटली फडक्यात गुंडाळून!" आणि त्याने हात वर केला, सज्जाकडे, निवडणुकीच्या दिवशी केला होता तसा. लोक उठले. टोप्या उडाल्या. जोबसुद्धा हसत मान हलवत खाली बसला. ऑगस्टाचे डोळे भरून आल्यासारखे झाले. तिलाही हे नवीनच होतं, आणि तिला ते खरं वाटलं. मर्सीने टॅबिथाच्या पाठीत थाप मारली, "अगं, बाटलीसुद्धा सांगितली त्याने!"

टॅबिथा हसली नाही. ती त्याच्याकडे बघत होती, त्याच्या डोळ्यांकडे, चष्मा नसलेल्या, आणि किती लांबून बघतोय ते मोजत होती. कांदा तिने कधी पाठवलाच नव्हता. तो या हॉलमध्ये, बँड वाजत असताना, तिच्या ओठांवर जन्मला होता. फडकंही. म्हणजे त्याने खालूनच तिचे ओठ वाचले होते, आणि 'डोळे गेले' म्हणाला तेही खोटं होतं. जेबेझला ते एका क्षणात कळलं, आणि हात वरच राहिला. तिने त्याला घसा दिला होता तो त्याच्या लाजेवर पांघरायला. आपला भाऊ ते पांघरूण बघून तरी लाजेल, पुढे येऊन म्हणेल की नको, मी सांगतो, असं काही तिच्या मनात असेल, नसेल. आता काय त्याचं. त्याने ते पांघरूण फडकावून दाखवलं होतं, झेंड्यासारखं, टाळ्यांसाठी.

तिने खांद्यावरची शाल ओढली आणि तोंडावर घेतली. थंडीत घेतात तशी नाही. साचेखात्यात कधी एखादा जॉबर असा येई की जो पूर्वी विणकर होता, ज्याला ओठ वाचता येत आणि जो ते वरच्यांना जाऊन सांगे. तो दोन साच्यांमधून येताना दिसला की बाया शालीचं टोक वर घेत. काही न बोलता. तो समजे. टॅबिथा शालीआडून मर्सीच्या कानाशी वाकली. तिचे खांदे हलत होते, खोकल्याने की बोलण्याने ते त्याला कळेना, त्याला फक्त लोकर दिसत होती, करडी, काठाला विरलेली. मर्सीचा चेहरा मात्र उघडा होता आणि त्यावरून हसू असं गेलं जसं कोणी ते हाताने पुसून घेतलं. मग मर्सीनेही शाल वर घेतली आणि मागच्या रांगेकडे वळली.

तो बोलत होता. टाळ्या निवल्या होत्या आणि त्याला पुढे बोलायचं होतं, तर तो बोलत होता, शाळेच्या नव्या इमारतीबद्दल, बंदरांबद्दल. खालच्या रांगा समाधानाने ऐकत होत्या. वर सज्जात एकेक चेहरा अर्धा होत चालला, नाकापर्यंत, डोळ्यांपर्यंत. एक वळे, वाके, मग दुसरी शाल वर येई. ज्या ओठांवर त्याने गाव ऐकलं होतं ते रांगेरांगेने मिटत होते, आणि त्यांच्यामागे काय बोललं जातंय हे जगात फक्त त्यालाच कळू नये अशी ती सोय होती. शेवटची रांग दाराजवळ होती. तिथे एक तरुण विणकरीण, नुकतं लग्न होऊन या गावात आलेली, सरळ त्याच्याकडे बघत होती, तोंड अर्धवट उघडं, काही न समजून. शेजारच्या म्हातारीने तिच्या शालीचं टोक उचललं आणि तिच्या हातात दिलं.